शेतकरी घराची कादंबरी पक्ष्याच्या तोंडून कशी लिहायची: नाशिककडच्या लिहिणाऱ्यांसाठी

शेतकऱ्याच्या हालावर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय आणि मनापासून लिहिलं गेलंय, पण आता अडचण अशी झालीय की वाचणाऱ्याला पहिल्या दहा पानांतच शेवट कळतो, पाऊस गेला, सावकार आला, बाप गप्प झाला की पुढचं तो न वाचताच ओळखतो आणि पुस्तक बाजूला ठेवतो. विषय संपलेला नाहीये, निफाड, दिंडोरी, येवल्यातल्या कुठल्याही वस्तीवर जाऊन तासभर बसा म्हणजे कळेल. सांगणारा मात्र जुना झालाय. म्हणून ज्यांना हे खरंच लिहायचंय त्यांना माझं सांगणं की घरातला पोरगा, गावातले गुरुजी, पुण्याहून सुट्टीला आलेला पुतण्या हे सगळे सोडा आणि त्या घराच्या पत्र्याखाली घरटं केलेला एखादा पक्षी घ्या. यात विचित्र काही नाही, सातव्या शतकात बाणभट्टाच्या 'कादंबरी'त गोष्ट सांगायला शूद्रक राजाच्या दरबारात वैशंपायन नावाचा पोपटच येतो.

आता पक्षीच का? तर पक्ष्याला पैसा कळत नाही म्हणून. त्याला कांदा दिसतो, भाव दिसत नाही. ट्रॅक्टर दिसतो, हप्ता दिसत नाही. आणि आपल्या शेतीतलं बहुतेक दुःख पैशाच्या वाटेनं येतं, त्यामुळे पक्षी सगळं बघतो आणि कारण त्याला कळत नाही, वाचणाऱ्याला मात्र लगेच कळतं. ह्या दोघांच्या मधे जी फट राहते त्यात तुमची अख्खी कादंबरी बसते. पुढचं सगळं ती फट शेवटच्या पानापर्यंत उघडी कशी ठेवायची यासाठीच सांगतोय.

१. आधी तालुका, मग गाव, मग वस्ती

नाशिक जिल्हा म्हणजे एक शेती नाही. निफाड-दिंडोरीत द्राक्ष, पिंपळगाव-लासलगावकडे कांदा, गोदाकाठाला ऊस आणि उसात बिबट्या, येवला-नांदगाव म्हणजे टँकरची वाट बघणारा भाग, सुरगाणा-पेठ म्हणजे डोंगरातली भात-नागलीची शेती आणि तिथूनच खाली द्राक्षबागांत कामाला येणारे मजूर. बोलीही बदलते. निफाडकडचा माणूस "काय करू राह्यला रे" म्हणेल, बागलाण-कळवणला घरात अहिराणी ऐकू येईल, सुरगाण्याकडून आलेल्या बाया आपसात कोकणी बोलतील (ही डोंगरातली, किनाऱ्यावरची नव्हे). तुमचा पक्षी जे ऐकतो तेच लिहिणार असल्यामुळे हे आधी ठरलंच पाहिजे, नंतर बदलायला गेलात तर सगळे संवाद पुन्हा लिहावे लागतात.

माझी शिफारस निफाड तालुक्याची आहे. द्राक्ष आणि कांदा दोन्ही एकाच घरात सापडतात, थंडीही जिल्ह्यात सगळ्यात जास्त इथेच पडते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. शिवाय गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर इथलंच, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेल्याचं २०२० मधे जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ, म्हणजे पक्षी बघायला शिकण्यासाठी वेगळा प्रवास नको.

२. पक्षी निवडणं, इथे घाई नको

बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा कावळा येतो. रामकुंडावरचा दशक्रिया विधी, पिंडाला न शिवणारा कावळा, सगळं आयतं तयार असतं. पण नेमकं म्हणूनच तो टाळा, कारण कावळा म्हटल्याबरोबर वाचणारा मरणाची वाट बघत बसतो, मग तुम्ही मधल्या दोनशे पानांत काहीही लिहा.

टिटवी चांगली आहे, जमिनीवर अंडी घालते, रात्री ओरडते, तिनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त असं म्हणणारी म्हातारी माणसं अजून आहेत. पण ती घराजवळ येत नाही, घरातलं तिला काही ऐकू येणार नाही. पावशा "पेरते व्हा" म्हणतो, एखाद्या प्रकरणापुरता ठीक. सुगरण विहिरीवरच्या बाभळीतच रमते. गायबगळा नांगरामागे फिरतो आणि संध्याकाळी निघून जातो. पिंगळ्याला रात्र मिळते पण दिवस जवळजवळ झोपेतच जातो.

मी साळुंकी घेईन. ती माणसाला सोडून राहतच नाही, भिंतीतल्या भोकात, पत्र्याखाली, बंद पडलेल्या बोर्डच्या पेटीतसुद्धा घरटं करते. नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे घरातल्या माणसांना ही "आपली" साळुंकी कोणती ते नीट ओळखू येत नाही, यातून प्रसंग निघतात. किडे, दाणे, फळं, उष्टं, सगळं खाते, म्हणजे शेत, गोठा आणि मोरी तिन्ही ठिकाणी तिचं काम असतं. हातावर वाढलेली असेल तर माणसाचे शब्द उचलते. आणि घरट्यात काड्यांबरोबर कागद, चॉकलेटवरची चकाकणारी चांदी, सापाची कात असलं काहीबाही आणून भरते. हे शेवटचं लक्षात ठेवा, बँकेच्या नोटिशीचा तुकडा तिच्या घरट्यात अंड्याखाली जाऊ शकतो, तिला तो मऊ लागला म्हणून.

एक गोष्ट, साळुंकी किंवा पोपट पिंजऱ्यात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे चालत नाही. म्हणून पिंजरा नको. वादळात पत्रा उडाला, पिल्लू खाली पडलं, धाकट्या मुलीनं हातावर वाढवलं आणि ते मोकळंच राहिलं, पण घर सोडून गेलं नाही, एवढं पुरे.

३. लिहिण्याआधी एक हंगाम नुसतं बघा

साळुंकी साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळ्यापर्यंत वीण करते, चार ते सहा अंडी, सतरा-अठरा दिवस उबवणं, मग पिल्लं बाहेर पडायला तीन आठवड्यांच्या वर. हे पाठ करून भागत नाही, एखाद्या वस्तीवर सकाळी सहाला जाऊन बसा. आवाज ओळखता येत नसतील तर मोबाईलवर मर्लिन ॲप घ्या, पण दोन-चार वेळा वापरून खिशात ठेवा आणि कान वापरा. साळुंकीचा मांजर दिसल्यावरचा कर्कश आवाज वेगळा, जोडीदाराशी मान खालीवर करत बोलायचा वेगळा, आणि संध्याकाळी शंभर साळुंक्या एका झाडावर जमतात तेव्हाचा कल्ला तर एकदम वेगळा.

डोळ्यांचं खास लिहून ठेवा. डोळे डोक्याच्या बाजूला, म्हणजे ती एखादी वस्तू नीट बघायची तर मान वाकडी करून एका डोळ्यानं बघते, त्याच वेळी दुसरा डोळा आभाळात शिक्र्यावर, म्हणजे शिकारी पक्ष्यावर असतो. बऱ्याच पक्ष्यांना आपल्याला न दिसणारा अतिनील रंगही दिसतो. ह्याचा उपयोग वाक्यात करायचा, माहिती म्हणून सांगायचा नाही. घरात भांडण चाललंय आणि तिचा एक डोळा भांडणावर, एक डोळा मांजरावर, अशी वाक्यं लिहिलीत की भांडणाला न मागता वजन येतं.

४. बसायच्या जागांचा नकाशा काढा

हे काम कंटाळवाणं वाटेल पण कादंबरी यावरच उभी राहते. मोठा कागद घ्या, घर, ओटा, गोठा, कांद्याची चाळ (कांदा साठवायची हवेशीर जागा), विहीर, मोटारीची खोली, बागेचा मांडव, बांध, बांधापलीकडची चुलत्याची जमीन, सगळं काढा. मग साळुंकी कुठेकुठे बसते तिथे फुल्या मारा आणि प्रत्येक फुलीजवळ लिहा की इथून काय दिसतं आणि काय ऐकू येतं. खिडकीच्या गजावरून स्वयंपाकघर पूर्ण दिसतं, आतल्या खोलीतलं फक्त ऐकू येतं. विजेच्या तारेवरून बांधावरचं भांडण दिसतं, शब्द पोचत नाहीत. जिथे फुली नाही तिथला प्रसंग लिहायचाच नाही.

मग प्रश्न येतो की बाजार समितीचं काय, बँकेचं काय. लासलगावची बाजार समिती, १९४७ पासूनची, कांद्याचं सगळं राजकारण तिथं, आणि तुमची साळुंकी तिथवर कधीच जाणार नाही कारण ती आपला टापू सोडत नाही. नवीन लिहिणारे इथे चुळबूळ करतात आणि पक्ष्याला ट्रॉलीवर बसवून लासलगावला नेतात. नका नेऊ. ट्रॉली भरून गेली आणि कशी परत आली एवढंच तिला दिसू द्या.

रात्रीचंही तसंच. साळुंकी अंधारात झोपते आणि आपल्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच असते, म्हणजे बारे धरायला, पिकाला पाणी द्यायला माणूस रात्री एक वाजता बॅटरी घेऊन जातो, उसाच्या कडेनं, आणि साळुंकीला ते दिसत नाही. सकाळी तिला चिखलातले पाय दिसतात, बंद पडलेली बॅटरी दिसते, किंवा कुणी परत आलेलंच नसतं. रात्र रिकामी सोडा.

५. काळ: एका छाटणीपासून पुढच्या तोडणीपर्यंत

तीन पिढ्यांची कहाणी पक्ष्याला पेलत नाही. एक वर्ष घ्या. द्राक्षाचं वर्ष एप्रिलच्या खरड छाटणीनं, म्हणजे तोडणीनंतरच्या छाटणीनं सुरू होतं, तेव्हाच चाळीत उन्हाळ कांदा भरला जातो आणि तेव्हाच साळुंकीचं घरटंही बांधून होतं, म्हणजे पहिलं प्रकरण आपोआप मिळालं. जून-जुलैत पाऊस आणि पिल्लं. ऑगस्टमधे चाळीत कांदा घाम सोडायला लागतो, कोंब येतात, वास येतो, माश्या होतात आणि साळुंकीला मेजवानी मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, आणि छाटणीनंतर पाऊस पडला की डाऊनी हा बुरशीचा रोग, दिवसाआड फवारणी, ब्लोअरचा आवाज आणि औषधाचा वास. त्यानंतर डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), सुरगाणा-पेठच्या बाया औषधाचा मग हातात धरून मांडवाखालून घड बुडवत जातात, साळुंकीला वरून फक्त त्यांचे हात दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बागेत शेकोट्या, धूर, मणी तडकायची भीती. फेब्रुवारीपासून तोडणी, क्रेट, व्यापारी, आणि कधीकधी माल उचलून पैसे न देता गायब होणारा व्यापारीसुद्धा. मार्च संपताना गावातल्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचं नवं-जुनं, म्हणजे दोन दिवसांपुरते कुणाकडून तरी पैसे घेऊन जुनं कर्ज भरायचं आणि नवीन उचलायचं.

अवकाळी आणि गारपीट जागोजागी टाकायचा मोह असतो. एकदाच टाका.

६. एक वही फक्त तुमच्यासाठी, पक्ष्यासाठी नाही

साळुंकीला हिशोब कळत नाही म्हणजे लेखकालाही कळला नाही तर चालेल असं नाही. त्या घराची खरीखुरी जमाखर्चाची वही महिन्यावार तयार करा. औषधाच्या दुकानाची उधारी, मजुरी, ठिबकची दुरुस्ती, पोरीची फी, सोसायटी, सोन्यावरचं कर्ज, सगळं. यातलं एकही अक्षर कादंबरीत येणार नाही, पण वही नसेल तर घरातली माणसं नेमकी कोणत्या दिवशी जेवायला बसत नाहीत हे तुम्हाला कळणार नाही.

एक उदाहरण करून बघा. समजा मे महिन्यात चाळीत दीडशे क्विंटल कांदा भरला आणि त्या दिवशीचा भाव होता क्विंटलला ९००, म्हणजे विकला असता तर १,३५,०००. भाव वाढेल म्हणून ठेवला. चार-पाच महिन्यांत सड, कोंब आणि वजनातली घट धरून तिसरा हिस्सा सहज जातो, राहिला शंभर क्विंटल. भाव खरंच वाढला, १,२०० झाला. आले १,२०,०००. अंदाज बरोबर ठरूनही माणूस पंधरा हजारांनी मागे गेला, आणि चाळ निवडायची मजुरी अजून धरलीच नाही. हे गणित तुमच्या वहीत असेल तर नवऱ्याचा भाव बरोबर निघूनही बायको का बोलत नाहीये हे तुम्हाला माहीत असेल, आणि साळुंकी नुसतं सांगेल की आज ती दोघं वेगवेगळ्या दारात बसलीत.

वहीत तारखाही लिहा. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली. डिसेंबरची बंदी ऐन लाल कांद्याच्या काढणीत आली आणि लाल कांदा उन्हाळसारखा ठेवता येत नाही, दारात ठेवला की गेला. ज्यांचं घर कांद्यावर चालतं त्यांच्यासाठी ही तारीख विसरता येण्यासारखी नाही.

७. आवाज, म्हणजे प्रत्यक्ष वाक्य

आता हीच ८ डिसेंबर साळुंकीच्या तोंडून. आधी वाईट नमुना:

"सरकारच्या निर्णयानं हताश झालेले आण्णा कर्जाच्या डोंगराखाली दबून परतले, ते पाहून माझं चिमुकलं काळीज गलबललं."

ह्यात पक्षी कुठेच नाही, वर्तमानपत्राला पंख चिकटवलेत. आता दुसरा:

"लाल भरून गाडी सकाळी गेली. अशी गेलेली गाडी संध्याकाळी मोकळी येते आणि मोकळी गाडी लांबूनच खडखड वाजते. मी ओट्यावर उतरून बसले, मोकळ्या गाडीत पाकळ्या राहतात, पाकळ्यांत किडे. आज गाडी वाजली नाही. लाल तसंच होतं. आण्णा खाली उतरला आणि चाकाला पाठ लावून बसला. ती बाहेर आली, म्हणाली काय झालं ओ. तो म्हणाला, बंद. बंद मला येतं. मी म्हटलं, बंद बंद. धाकटी नेहमी हसते. मी परत म्हटलं. मग आण्णानं चप्पल काढून माझ्याकडे फेकली. याआधी त्यानं कधी फेकली नव्हती. मी तारेवर गेले. तिथून लाल खूप छान दिसत होतं."

बघा काय काय पाळलंय. निर्यात हा शब्द नाही, सरकार नाही, दुःख हा शब्द नाही. पक्ष्याचं स्वतःचं पोटाचं काम चालू आहे. एक शब्द तिला बोलता येतो पण त्याचा अर्थ येत नाही, आणि शेवटी तिला जे सुंदर वाटतंय तेच घराचं वाटोळं आहे. प्रत्येक प्रकरणात असा एक शब्द ठेवा जो साळुंकी उचलते: बोजा, थकबाकी, सही, नको, उद्या. सगळे शब्द मिळून वीसच्या वर जाऊ देऊ नका. उपमा द्यायचीच असेल तर तिच्या जगातली, वारा, भोक, दाणा, शिक्रा. आणि दर पन्नास पानांनी तिला एखादी गोष्ट चुकीची समजू द्या, ठामपणे चुकीची, जसं की घरी येणारा वसुलीवाला तिला आवडतो कारण तो बिस्किटं खातो आणि चुरा सांडतो.

८. पक्ष्याला निष्पाप करू नका

साळुंकी आणि बुलबुल द्राक्षमणी टोचतात. टोचलेला मणी फुटतो, रस गळतो, बाकीचा घड खराब होतो. म्हणून बागायतदार जाळी टाकतात, चमकीच्या पट्ट्या बांधतात, फटाके वाजवतात, डबे बडवतात, आणि जाळीत अडकून पक्षी मरतातही. म्हणजे ज्या घरानं तिला वाढवलं त्याच घराचं ती खाते आणि तिला त्यात गैर काही वाटत नाही. उलट फवारलेल्या बागेतल्या अळ्या तिनं पिल्लांना भरवल्या तर पिल्लं मरू शकतात, आणि फवारणाऱ्याला ते कधी कळणारही नाही. दोघंही एकमेकांचं नुकसान करताहेत आणि दोघांनाही जगायचंय. मला विचाराल तर कादंबरीचा कणा हाच, धाकटीला साळुंकी हवीय आणि बापाला बाग वाचवायचीय, जाळी कधी टाकायची ह्या एका निर्णयावर तुम्ही तीन प्रकरणं लिहू शकता.

९. घरातली बाई कोणाच्या जमिनीवर राबते

साळुंकीचं भोक स्वयंपाकघराच्या भिंतीत असेल तर तिला सगळ्यात जास्त बाईच ऐकू येणार, म्हणून ही गोष्ट खरं तर तिची होते. १९८६ मधे आपल्याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखोंच्या संख्येनं बाया आल्या, आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत जमीन बायकांच्या नावावर करा म्हणून गावोगाव आवाहन केलं. एवढं होऊनही अजून कित्येक घरांत सातबाऱ्यावर बाईचं नाव नसतं. तुमच्या कादंबरीतली सासू चांदवडला जाऊन आलेली असू द्या, तिच्याकडे त्या वेळचा बिल्ला असू द्या, डब्यात ठेवलेला, आणि साळुंकीचा त्या चकाकणाऱ्या बिल्ल्यावर डोळा असू द्या.

१०. मरण दाखवायचं का

हे सगळ्यात जपून. कादंबरीत आत्महत्या आलीच पाहिजे असं काही नाही आणि माझं मत न आलेली बरी, कारण बहुतेक शेतकरी घरं तशीच ओढत ओढत जगतात आणि ते जगणं लिहिलं जात नाही. आणायचीच असेल तर कशी केली याचं वर्णन अजिबात नको, साळुंकीला ते दिसायचीही गरज नाही. तिला नंतरचं दिसू द्या. ओट्यावर चपलांची गर्दी, तलाठी, कागद, फोटो काढणारे लोक. महाराष्ट्रात २००६ पासून अशा कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते पण आधी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हा समिती ठरवते, जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या संस्थेचं, हे सगळं बघून. "पात्र" आणि "अपात्र" हे दोन शब्द साळुंकी त्या महिन्यात उचलेल. दोन्ही तिला सारखेच वाटतील, एकात फक्त एक आवाज जास्त.

ज्या घरात असं खरंच झालंय तिथे माहिती काढायला जाऊ नका. कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या दारात बसा, लोक आपणहून बोलतात, आणि जे बोलतील त्यातलं नाव, गाव, गट नंबर काहीही जसंच्या तसं वापरू नका.

११. कच्चा खर्डा झाल्यावर

तीन रंगांची पेनं घ्या. साळुंकीला दिसूच शकत नाही असं प्रत्येक वाक्य लाल करा आणि काढा. तिला कळूच शकत नाही असा प्रत्येक शब्द निळा करा, हप्ता, कर्ज, तणाव, निराशा, आणि त्या जागी तिला काय दिसलं ते लिहा. जिथे दोन पानं ती काहीच खात नाही, उडत नाही, घाबरत नाही तिथे हिरवी खूण करा, तिथे तुम्ही पक्षी विसरलात. पहिल्या खर्ड्यात लाल-निळं खूप निघतं, एखादं प्रकरण पूर्ण जातं, जाऊ द्या.

मग दोघांना वाचायला द्या. एक बागायतदार, ज्यानं छाटणी, डिपिंग आणि चाळ तपासावी, तारीख-महिना चुकला तर तो पहिल्या पानावरच सांगेल. आणि एक पक्षी बघणारा माणूस. साहित्यातल्या मित्रांना त्यानंतर द्या. बागायतदाराला फेब्रुवारी-मार्चमधे मात्र देऊ नका, तोडणी चालू असते, त्याला वेळ नसतो. मेमधे द्या, खरड छाटणी उरकलेली असते आणि दुपारी माणूस घरी असतो.